पहिलं प्रमाणपत्र: रामाकोन्यातून मांडलेला हिशेब

मध्य प्रदेशातल्या आमच्या रामाकोन्यात कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट म्हटलं की डीसीए, पीजीडीसीए आणि सीपीसीटी ही तीन नावं आधी निघतात. डीसीए-पीजीडीसीए बहुतेक वेळा भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या सेंटरातून होतं. सीपीसीटी ही मध्य प्रदेश सरकारची परीक्षा, असिस्टंट ग्रेड थ्री किंवा डेटा एंट्री ऑपरेटरच्या जागेसाठी लागते. सीमा ओलांडून महाराष्ट्रात सावनेर-नागपूरकडे गेलं की तीच जागा एमएस-सीआयटी घेते. आपल्या मुलांच्या मनात ‘प्रमाणपत्र’ या शब्दाचा अर्थ या परीक्षांनीच पक्का केला आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं म्हणून ते काढायचं. असलं तर फॉर्म भरता येतो, नसलं तर येत नाही.

गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवं नाव येऊन बसलं आहे, सायबर सिक्युरिटीचं. छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाच्या कॉलेजातून बीसीए किंवा बी.एस्सी. करणारी मुलं विचारतात, कोणतं सर्टिफिकेट करू? त्यांचे आईवडील विचारतात, लागेल का त्याच्यानं काही? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि गोंधळ इथेच सुरू होतो. मुलगा परीक्षेबद्दल विचारतो आहे, बाप मोबदल्याबद्दल. क्लासवाले दोघांनाही एकच उत्तर देतात: आधी फी भरा.

आधी हे काम काय आहे ते पाहू, कारण ‘हॅकर’ या शब्दानं त्याचं चित्र फार बिघडवलं आहे. आपल्या भाषेत सांगण्यासारखं सर्वांत मोठं उदाहरण पुण्याचं आहे. कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी दोनेक तासांत या बँकेच्या ग्राहकांच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या आणि भारतातल्याही एटीएममधून चौदा हजारांहून जास्त वेळा पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास चौदा कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींचा. यात कोणी तिजोरी फोडली नव्हती. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचण्याऐवजी मधल्या मध्ये एक खोटा स्विच, म्हणजे विचारणा अडवणारी बनावट यंत्रणा, ‘होय, द्या’ असं उत्तर देत होता. खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे कोणी तपासतच नव्हतं.

शिकाऊ सुरक्षा कर्मचाऱ्याचं काम या गोष्टीत नेमकं कुठे बसतं? तो खोटा स्विच शोधून मोडणारा तज्ज्ञ तो नसतो. शनिवारी दुपारी पडद्यासमोर बसून ‘एकाच वेळी इतक्या देशांतून विचारणा का येते आहे, आणि मुख्य यंत्रणेत त्याची नोंद का दिसत नाही’ हा प्रश्न ज्यानं उपस्थित करायचा, तो हा माणूस. नोंदी वाचायच्या, खोटी धोक्याची घंटा कोणती आणि खरी कोणती ते ओळखायचं, तिकीट लिहायचं, वरच्याला उठवायचं. अशा कक्षाला सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर म्हणतात, बोलताना ‘सॉक’. काम पाळ्यांमध्ये चालतं, आणि नव्या माणसाच्या वाट्याला रात्रपाळी हमखास येते. ज्याला सिनेमातला हॅकर व्हायचं आहे, त्याचा इथे विरस होईल. ज्याला बारीक नजरेनं, कंटाळा न करता एकच गोष्ट शंभरदा पाहता येते, त्याचं जमेल. संत्र्याच्या बागेत डिंक्याची पहिली खूण खोडावर शोधत फिरणाऱ्या कास्तकाराच्या पोराला ही नजर परकी नसावी.

ही कामं वाढत आहेत याची कारणं ठोस आहेत, आणि क्लासच्या भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा ती समजून घ्यावीत. कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर सुरक्षेचे नियम काढले. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानं या बँकांचे चार स्तर पाडले आणि वरच्या स्तराला स्वतःचा निगराणी कक्ष ठेवायला सांगितलं. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं आदेश काढला की सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. नोंदी जपायच्या म्हटलं की त्या वाचणारी माणसंही लागतात. २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात दंडाची कमाल रक्कम २५० कोटी आहे. आणि जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांना, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांना, देवाणघेवाणीच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढावं लागलं. या आपल्यासारख्या गावांच्याच बँका.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लहान बँक स्वतः माणूस नेमत नाही. ती हे काम एखाद्या कंपनीला देते, आणि ती कंपनी पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत, बंगळूरूत असते, नागपुरातही काही. म्हणजे आपल्या सौंसर-पांढुर्ण्याला २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा मिळाला असला, तरी या कामाच्या जागा जिल्ह्यात निर्माण होणाऱ्या नाहीत. घर सोडायची तयारी हा निर्णयाचा पहिला भाग आहे. प्रमाणपत्राची गोष्ट त्याच्या नंतर येते.

आता प्रमाणपत्रांकडे. ही आली कुठून? नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेल्या ‘वर्म’नं तेव्हाच्या इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला आणि सुरक्षा हे स्वतंत्र काम आहे हे जगाला कळलं. पुढच्याच वर्षी आयएससी-टू ही संस्था निघाली, आणि १९९४ पासून तिची सीआयएसएसपी ही परीक्षा सुरू झाली. ती आजही पाच वर्षांच्या अनुभवाशिवाय पूर्ण पदरात पडत नाही, त्यामुळे नव्या मुलानं तिचा विचार करू नये, कोणी सुचवली तरी. नवख्यांसाठी कॉम्पटिया या संस्थेनं २००२ मध्ये सिक्युरिटी प्लस आणली, आणि ईसी-कौन्सिलनं पुढच्या वर्षी सर्टिफाइड एथिकल हॅकर म्हणजे सीईएच.

सिक्युरिटी प्लसचं नाव जगभर का झालं, हे आपल्याकडे फार थोडे सांगतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं २००५ मध्ये नियमपुस्तिका काढून ठरवलं की त्यांच्या यंत्रणांवर सुरक्षेचं काम करणाऱ्यानं, सैनिक असो वा कंत्राटदार, ठरावीक प्रमाणपत्रांपैकी एक घेतलंच पाहिजे. त्या यादीत सिक्युरिटी प्लस होतं. म्हणजे तिकडे ते अगदी आपल्या सीपीसीटीसारखं ठरलं: नियमात लिहिलं होतं म्हणून घ्यायचं. तिकडच्या लोकांनी ‘हे केलं आणि नोकरी लागली’ असं सांगितलं, तर ते खोटं नाही. मात्र तो नियम वॉशिंग्टनचा होता. आपल्याकडच्या खासगी कंपनीला असा कोणताही नियम बांधत नाही. इथे हा कागद पात्रता देत नाही, फार तर अर्जांच्या ढिगाऱ्यात तुमचा अर्ज थोडा वर सरकवतो.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. आपण सीपीसीटीच्या सवयीनं या प्रमाणपत्राकडे पाहतो आणि ‘हे केलं की दार उघडतं’ असं धरून चालतो. या क्षेत्रात दार आधी शिकण्यानं किलकिलं होतं, मग पदवीनं, ओळखीनं, कॅम्पसनं. प्रमाणपत्र त्याला हातभार लावतं. आपल्या मुलांची फसगत होते ती हा क्रम उलटा धरल्यामुळे.

पर्याय काय आहेत ते पाहू. आज नवख्यासाठी सर्वांत कमी जोखमीची परीक्षा आयएससी-टूची ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’, थोडक्यात सीसी. २०२२ मध्ये ती आली तेव्हा दहा लाख लोकांना अभ्यासक्रम आणि परीक्षा मोफत देण्याची घोषणा संस्थेनं केली होती. अशा सवलतींच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी संस्थेचं स्वतःचं पान वाचावं, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. अनुभवाची अट नाही. विषय पाच: सुरक्षेची तत्त्वं, संकटात काम चालू ठेवणं, कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, नेटवर्क, आणि रोजचं कामकाज. १००० पैकी ७०० गुण लागतात. एक गोष्ट मात्र जाहिरातीत ठळक नसते: उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र हातात येण्यासाठी आणि ते जिवंत ठेवण्यासाठी दरवर्षी ५० डॉलर भरावे लागतात. परीक्षा फुकट पडली, तरी डॉलरमधली ही वर्गणी सुटत नाही.

सिक्युरिटी प्लस तिच्यापेक्षा एक पायरी कठीण. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० ला पास. काही प्रश्नांत पर्याय निवडायचे नसतात, पडद्यावर प्रत्यक्ष मांडणी करून दाखवायची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीत सर्वांत मोठा वाटा, २८ टक्के, रोजच्या सुरक्षा-कामकाजाला दिला आहे, आणि हे बरोबर आहे. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. अभ्यास म्हणून हा चांगलाच अभ्यासक्रम आहे. त्याची विषयसूची संस्था मोफत देते, आणि परीक्षा न देताही त्या सूचीप्रमाणे शिकता येतं. मी तर म्हणेन, आधी तेच करा.

सीईएचबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्या भागात क्लासच्या फलकांवर सर्वांत मोठ्या अक्षरात हेच नाव असतं, कारण नावात ‘हॅकर’ आहे. १२५ प्रश्न, चार तास. एक तर अधिकृत प्रशिक्षण विकत घ्यावं लागतं, नाहीतर दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो; नवख्याला अनुभव नसतो, म्हणून प्रशिक्षणाचे पैसे आलेच. हा खर्च पहिल्या प्रमाणपत्रासाठी करू नये, आणि कर्ज काढून तर मुळीच करू नये. मोसंबीचे नाहीतर मृग बहाराच्या संत्र्याचे पैसे एकदाच हातात येतात, त्यातून बी-बियाणं, उसनवारी, बहिणीचं लग्न असं सगळं भागायचं असतं. त्यातले लाखभर रुपये ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या पावतीवर गेले, की ती चूक पोराची न राहता घराची होते. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला ती हमी सही-शिक्क्यानिशी लिहून मागावी, पैसे परतीच्या अटीसह. बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं.

याउलट ज्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी आहे, किंवा एमसीए-एम.एस्सी.सारखी पदव्युत्तर पदवी, त्यानं सी-डॅककडे जरूर पाहावं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक देणारी ही संस्था. तिचा सुरक्षेवरचा पदव्युत्तर डिप्लोमा डिटिस या नावानं ओळखला जातो. सुमारे सहा महिने पूर्णवेळ अभ्यास, प्रवेशासाठी सी-कॅट ही सामाईक परीक्षा, वर्षाला दोन तुकड्या. फी लाखाच्या आसपास जाते, म्हणजे स्वस्त नाही. पण तिथे प्रत्यक्ष यंत्रांवर काम करायला मिळतं आणि कंपन्या दारात येतात. तेवढ्याच पैशांत खासगी क्लास आणि सी-डॅक यांतून निवडायचं असेल, तर मी क्षणभरही विचार करणार नाही. बीसीए-बी.एस्सी.वाल्याला मात्र यासाठी आधी पुढची पदवी घ्यावी लागते.

एनपीटीईएलचे आयआयटीतले अभ्यासक्रम मोफत आहेत, परीक्षेला हजाराच्या आसपास फी. कंपनी त्या प्रमाणपत्राला फार भाव देत नाही, शिकणाऱ्यानं द्यावा.

फी सोडून जो खर्च होतो, त्याबद्दल जास्त बोलायला हवं. आपल्याकडचं मूल घरी मराठी बोलतं, शाळेत हिंदीत शिकतं, आणि या परीक्षा इंग्रजीत असतात. हिंदीत त्या मिळत नाहीत, मराठीत तर नाहीतच. ज्ञान असूनही प्रश्नाचं वाक्य उलगडण्यात मिनिट जातं, आणि ९० मिनिटांत ९० प्रश्न असतात तेव्हा ते मिनिट दुसऱ्या प्रश्नाच्या वाट्याचं असतं. ‘सर्वांत आधी काय कराल’, ‘यांपैकी सर्वांत योग्य काय’ असे प्रश्न तर भाषेवरच अडवतात, कारण चारही उत्तरं थोडी थोडी बरोबर असतात. यावर माझ्या पाहण्यातला एकच उपाय आहे: संकल्पना आपल्या भाषेत, आपल्या गावाच्या उदाहरणानं पक्की करायची, मग तिचं इंग्रजी नाव तिला चिकटवायचं.

सुरक्षेची तीन मूळ तत्त्वं घ्या. सेवा सहकारी समितीत माझ्यावर किती कर्ज आहे हे शेजाऱ्याला कळू नये, ही गोपनीयता. पटवाऱ्याच्या खसऱ्यात माझ्या दोन एकरांचे कोणी गुपचूप दीड करू नयेत, ही अखंडता. आणि सरकारी खरेदीच्या नोंदणीचा शेवटचा दिवस असताना सर्व्हर बसू नये, ही उपलब्धता. ज्यानं या तीनपैकी एक तरी गोष्ट घरी भोगली आहे, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. पुढे प्रश्नात रुग्णालय येवो की विमान कंपनी, तो विचारतो: इथे काय फुटलं, काय बदललं गेलं, की काय बंद पडलं?

दुसरा लपलेला खर्च परीक्षा केंद्राचा. सीसीसाठी केंद्रावर जावंच लागतं. नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आल्यापासून रामाकोन्याहून नागपूरची इतवारी गाठणं सोपं झालं आहे, पण हवी ती परीक्षा हव्या त्या तारखेला नागपुरातच मिळेल असं गृहीत धरू नये. पैसे भरण्याआधी शहर आणि तारीख पाहावी. सिक्युरिटी प्लस घरबसल्या कॅमेऱ्यासमोर देता येते. पण मध्येच वीज गेली किंवा मागून कोणी खोलीत आलं, तर परीक्षा थांबू शकते. एकत्र कुटुंबाच्या घरात, लोडशेडिंगच्या दिवसांत, मी कोणालाच तो मार्ग सुचवणार नाही.

‘कैलाश काटकरांकडे कुठलं प्रमाणपत्र होतं?’ असं विचारणारे भेटतात. साताऱ्याच्या रहिमतपूरचा, दहावीच्या पुढे न शिकलेला तरुण पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करतो, धाकटा भाऊ संजय व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहितो, आणि त्यातून क्विक हील उभी राहते, जी २०१६ मध्ये शेअर बाजारात येते. ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण तिच्यातून ‘कागद लागत नाही’ एवढंच घेतलं, तर गोष्ट अर्धीच ऐकली. काटकर बंधूंसमोर रोज बिघडलेली यंत्रं येत होती, आणि ती दुरुस्त झाली की नाही हे गिऱ्हाईक त्याच दिवशी सांगत होतं. दुसऱ्याचं बिघडलेलं रोज हाताळण्याची ती संधी प्रमाणपत्रात नसते, आणि प्रमाणपत्र नाकारण्यातही नसते. ती वेगळी मिळवावी लागते.

आज ती मिळवणं तेव्हापेक्षा सोपं आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकता येतं. वायरशार्क हे नेटवर्कवरून काय वाहतं ते दाखवणारं साधन फुकट आहे. ओव्हरदवायर, पिकोसीटीएफ, पोर्टस्विगरची अकादमी इथे सरावाची कोडी मोफत मिळतात. रोज दीड-दोन तास, सहा महिने. जे केलं ते वहीत लिहायचं: काय अडलं, का अडलं, कसं सुटलं. मुलाखतीत ‘टीसीपीचा हातमिळवणीचा क्रम सांगा’ या प्रश्नावर सर्टिफिकेट पुढे करता येत नाही. आपल्याच घरच्या वायफायवर पाहिलेला तो क्रम मात्र आठवतो.

फक्त एक सीमा ओलांडायची नाही. सराव स्वतःच्या यंत्रावर किंवा सरावासाठीच ठेवलेल्या ठिकाणी करायचा. पंचायतीचं वायफाय, कॉलेजचं निकालाचं संकेतस्थळ, मित्राचा फोन, यांत मालकाच्या परवानगीशिवाय डोकावणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘फक्त बघत होतो’ या बचावावर विसंबू नये. आणि ज्या क्षेत्रात विश्वासावर नोकरी मिळते, तिथे पोलीस पडताळणीत नाव आलं तर पुढची सगळी प्रमाणपत्रं निरुपयोगी. टेलिग्रामवर विकले जाणारे ‘खरे प्रश्न’ही त्याच जातीचे: सापडलं तर संस्था प्रमाणपत्र रद्द करते, आणि नाही सापडलं तर मुलाखतीत उघडं पडतं.

तेव्हा करावं की न करावं? ज्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे, ज्यानं सहा महिने सराव टिकवला आहे आणि जो पुण्याला रात्रपाळी करायला तयार आहे, त्यानं सीसी द्यावी. सवलत असेल तर नक्कीच. तिनं अभ्यासाला तारीख मिळते, आणि आपल्यासारख्या गावातल्या मुलाला, ज्याच्या आजूबाजूला या विषयातलं कोणी नाही, तारखेचा आधार मोठा असतो. सिक्युरिटी प्लसचे पैसे भरण्याआधी त्यानं महिनाभर नागपूर-पुण्याच्या शिकाऊ जागांच्या जाहिराती वहीत उतरवाव्यात. नाव वारंवार आलं तर भरावे, नाही आलं तर तेच पैसे पुण्यात खोलीच्या पहिल्या भाड्याला ठेवावेत. ज्याला अजून नेटवर्क म्हणजे काय हेच उमगलं नाही, त्यानं यातलं काही करू नये. आधी तो पाया. आणि ज्याला गावातच राहायचं आहे, त्यानं सीपीसीटीच द्यावी, त्यात काहीही कमीपणा नाही. सायबर सुरक्षेचं थोडं ज्ञान त्याच्याही कामी येईल. कोणाच्या खात्यातून पैसे गेले तर पहिल्या तासात १९३० ला फोन करायचा, हे सांगणारा माणूस कियोस्कवर बसलेला असणं ही गावासाठी मोठी गोष्ट आहे.

अर्ज भरायचं ठरलंच, तर आधी आधार कार्ड काढून समोर ठेवा. केंद्राच्या दारात अर्जावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून पाहतात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव हिंदी वळणानं लिहिलेलं, आधारवर मराठी वळणानं, आणि वडलांचं नाव एकीकडे आहे तर दुसरीकडे नाही, असं घराघरात आहे. कोणती ओळखपत्रं चालतात ते वाचून घ्यावं आणि स्पेलिंग जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करावं. परीक्षेची तारीख त्याच्यानंतर घ्यावी.